बेल्ट अजून चालेल

५ जानेवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. विषय एकच, स्कूटर. बाकी आयुष्यात लिहून ठेवण्यासारखं काही घडत नाही, आणि ते बरंच आहे.

कारण असं. शनिवारी सर्व्हिसिंगला गॅरेजवाला म्हणाला, साहेब, ड्राइव्ह बेल्ट बदलून टाका. मी म्हटलं, का? तो म्हणाला, झाला की आता. ‘झाला की आता’ हे काही तांत्रिक कारण नव्हे. बेल्ट या विषयावर मला कोणी शिकवायला नको. मी खोक्यांच्या कारखान्यात शिफ्ट इन-चार्ज आहे. आमच्या पुठ्ठ्याच्या एका मशीनला जेवढे बेल्ट आहेत तेवढे त्याच्या अख्ख्या गॅरेजात नसतील. कुठलं मशीन कुरकुरतंय हे मी कँटीनमध्ये बसून सांगतो. निदान सांगायचो. हल्ली मशीनं चांगली येतात, कुरकुरत नाहीत.

बायको म्हणाली, गाडी त्याच्याकडे होती तेव्हाच टाकून घ्यायचा. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. तिथे प्रत्येक बाटलीवर तारीख छापलेली असते, ती उलटली की बाटली कचऱ्यात. यंत्राचं तसं नसतं. यंत्र बोलतं. ऐकणारा पाहिजे.

संकल्प: बेल्ट कधी बदलायचा ते मी ठरवणार, माझ्या कानांनी. ना एक दिवस आधी, ना एक दिवस नंतर.

७ जानेवारी, बुधवार

स्कूटरचं पुस्तक शोधून काढलं. चोवीस हजार किलोमीटरला बेल्ट बदला म्हणतात. आपला मीटर सत्तावीस हजारांच्या पुढे. वरवर पाहणाऱ्याला वाटेल उशीर झाला. मी खोलात गेलो.

उतारावरचे किलोमीटर वजा. तिथे बेल्टला कामच नसतं. दुधाला जातो ते वजा. तो वेग इतका कमी की त्याला प्रवास म्हणता येणार नाही. मागच्या वर्षी माझी कंबर धरली तेव्हा बायको चालवत होती. ती जपून चालवते, म्हणून ते निम्मे. शिवाय पुस्तक लिहिणाऱ्यांनी चालवणारा अडाणी धरलेला असतो. त्याची सूट वेगळी.

उरले एकोणीस हजार. बेल्ट ऐन तारुण्यात आहे.

१० जानेवारी, शनिवार

सकाळी नेहमीप्रमाणे बायकोला लॅबवर सोडलं. आमचं सगळं बोलणं स्कूटरवर होतं. घरी वेळ नसतो. ती आंघोळीला तेव्हा मी पेपरला, मी आंघोळीला तेव्हा ती डब्याला. स्कूटरवर मात्र ती मागून बोलते आणि मी ‘हो’ म्हणतो. कोपऱ्यापासून पुलापर्यंत तिची बातमी, पुलापासून लॅबपर्यंत तिचं मत.

आज बरंच बोलली. लॅबचं काहीतरी होतं. हेल्मेट आणि वारा, त्यात हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, बायकोसुद्धा. पण सूर ओळखून मी योग्य ठिकाणी हो म्हणत गेलो. सिग्नलला ती पुढे वाकून काहीतरी विचारती झाली. मी जोरात हो म्हटलं. उतरल्यावर तिने माझ्याकडे नीट पाहून विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, नक्की. तिने माझ्या खांद्यावर थोपटलं.

संध्याकाळभर खुशीत होती. स्वयंपाक करताना गुणगुणत असावी, ओठ हलत होते.

निष्कर्ष: संसार अवघड नाही. माणसाने ऐकून घेतलं पाहिजे.

१३ जानेवारी, मंगळवार

खालच्या मजल्यावरच्या आजींनी जिन्यात अडवलं. म्हणाल्या, तुमची स्कूटर सकाळी निघताना अशी किंचाळते की मी आता गजर लावत नाही. मी गाडी चालू करून दाखवली. थोडी पुढे नेली, मागे आणली. काही नाही. आजींनी दोन्ही हातांनी कान झाकले होते.

वय झालं की कान फार नाजूक होतात. वाईट वाटलं त्यांच्यासाठी.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, अहो, किंचाळते. सगळ्या गल्लीला ऐकू येतं. तुम्हाला खरंच येत नाही? मी म्हटलं, मला येतं, पण मला त्याचा अर्थही कळतो. ती कणीक मळायला गेली.

१६ जानेवारी, शुक्रवार

सिग्नलवरून निघताना गाडी थरथरते. बायको म्हणाली, दात वाजतात. डब्याचं झाकण उघडून सगळी आमटी पर्समध्ये गेली. तिचं म्हणणं बेल्ट. माझं म्हणणं रस्ता. रस्ता फक्त सिग्नललाच कसा खराब, असं तिने विचारलं. मी म्हटलं, सगळे ब्रेक तिथेच मारतात.

तरी तिच्या समाधानासाठी उपाय केला. सीटवर जाड फोमचं कव्हर आणि हँडलला मऊ ग्रिप. आता थरथर अजिबात जाणवत नाही. दुरुस्ती करायची तर मुळापासून.

२० जानेवारी, मंगळवार

एक बारीक शिट्टी ऐकू येते, खरं आहे. प्रामाणिकपणे नोंदवतो. स्कूटरवर येते. पण गाडी बंद केल्यावरही येते. जिन्यात येते. बाथरूममध्ये तर जास्तच. सकाळी उठल्या उठल्या, उशीवर असतानाही येते.

यावरून एक गोष्ट सिद्ध झाली की ती बेल्टची नाही. बेल्ट काही उशीपर्यंत येणार नाही. बहुधा शेजाऱ्यांचा पंप असावा. एक मोठी काळजी मिटली.

२३ जानेवारी, शुक्रवार

कारखान्यात छोटा प्रसंग. मोठ्या मशीनचं बेअरिंग जाम झालं, रोलर वाकला, लाइन बंद पडली. मी तिथेच उभा होतो, हाताच्या अंतरावर. आमचा लंबू ऑपरेटर सगळ्यांसमोर म्हणाला, साहेब, सकाळपासून ओरडत होतं ते, तुम्ही शेजारी उभे होता म्हणून मला वाटलं तुमचं लक्ष आहे. लक्ष होतंच. मी बघत होतो.

मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. हा माणूस तोंडापुढे हात धरून बोलतो, त्यामुळे तपशील सुटले, आशय समजला. सोमवारपासून मी स्टोअरला. शांत जागा आहे. अनुभवी माणसाची तिथे फार दिवस गरज होती. लंबूकडे माझी शिफ्ट.

घरी सांगितलं. बायकोने विचारलं, कान तपासून घ्या म्हणाले का? मी म्हटलं, असलं काही नाही, बढतीसारखंच आहे. ती म्हणाली, मी येते तुमच्याबरोबर डॉक्टरकडे, जाण्याआधी हे एक काम उरकू. मी म्हटलं, स्टोअरला जाण्याआधी कशाला, नंतर बघू. ती काहीतरी बोलणार होती. कुकरची शिट्टी झाली असावी, कारण ती उठून आत गेली.

जेवलो. झोपलो. विशेष काही वाटलं नाही.

२५ जानेवारी, रविवार

ठरवल्याप्रमाणे बेल्टची प्रत्यक्ष तपासणी. डाव्या बाजूचं कव्हर काढायचं, बेल्टच्या आतल्या दात्यांना चिरा आहेत का बघायचं, कडेला दोरे सुटलेत का बघायचं, रुंदी मोजायची. सोपं काम. बायकोला म्हटलं, चहा होईपर्यंत होईल.

एका स्क्रूची खाच गेली. दुसरा फिरला पण बाहेर येईना. कव्हर एका बाजूने बोटभर उघडलं. त्या फटीतून टॉर्च मारून पाहिलं. आत काळं काहीतरी दिसलं. बेल्ट काळाच असतो. बोट घातलं तर काळी भुकटी लागली. आतली धूळ.

बंद केलं. दोन स्क्रू उरले. कंपन्या जास्तीचे देतात.

निरीक्षण: बेल्ट जागेवर आहे. चहा तिसऱ्यांदा गरम करावा लागला.

३० जानेवारी, शुक्रवार

पुलाच्या चढावर इंजिन जोरात फिरत होतं म्हणे, आणि गाडी मात्र जागच्या जागी. एक सायकलवाला पुढे गेला. मग फुटपाथवरून गप्पा मारत चाललेल्या दोन बाया पुढे गेल्या. बायको म्हणाली, थांबा. उतरली आणि चालायला लागली. मी वर जाऊन तिची वाट पाहिली. ती आल्यावर एवढंच म्हणाली, बेल्ट घसरतोय. मी म्हटलं, इंजिन गार आहे. ती म्हणाली, अर्ध्या गावातून आलोय आपण.

सोमवारपासून ती बसने जाणार. लॅबच्या वेळा बदलल्या असतील.

एक प्रकारे उत्तम. मागचं वजन गेलं की बेल्टवरचा ताण निम्मा. पुन्हा हिशेब मांडला, बेल्ट वर्षभर सहज जातो.

सकाळचं बोलणं बंद झालं, पण ते तरी रोज काय असायचं. हो, हो, हो.

४ फेब्रुवारी, बुधवार

स्टोअरमध्ये चांगलं चाललंय. कोणी येत नाही. फोन वाजत नाही. लोक म्हणतात वाजतो.

बायकोने खोकी मागितली, चांगली मजबूत. मला मनापासून आनंद झाला. इतक्या वर्षांत घरातल्या माणसाने माझ्या धंद्यातली वस्तू पहिल्यांदा मागितली. पाच पदरी आणली, पुस्तकांना वेगळी, कपड्यांना वेगळी. थंडीचे कपडे आवरतेय वाटतं, चांगली सवय. पण ही उन्हाळ्याचेही भरतेय. मी तिला टेप मारायची खरी पद्धत दाखवली. आधी मधल्या सांध्यावर, मग दोन्ही कडांना. अशी मारली की खोकं मालगाडीतून पडलं तरी फुटत नाही. ती म्हणाली, तुम्ही एवढं सगळं कराल असं वाटलं नव्हतं. डोळे पुसत होती. पुठ्ठ्याची धूळ.

७ फेब्रुवारी, शनिवार

मेव्हणीचा फोन. म्हणाली, भावोजी, तुमच्यासारखं मोठं मन सगळ्यांना नसतं. मी म्हटलं, त्यात काय, खोकीच तर आहेत. ती हसली. मग बरंच काही बोलली, मी हो म्हणून फोन बायकोकडे दिला.

या घराण्यात माझी किंमत आता कळू लागली आहे.

११ फेब्रुवारी, बुधवार

महत्त्वाची नोंद. स्कूटर पूर्ण शांत झाली आहे. चार-पाच दिवस काळजीपूर्वक ऐकतोय. सकाळी काही नाही, संध्याकाळी काही नाही. पुलावरसुद्धा नाही. बेल्ट बसला. कारखान्यातही पाहिलंय, घाई न करता दम धरला तर काही दोष आपोआप जातात.

मुद्दाम गॅरेजवाल्याकडे जाऊन सांगितलं. मी येताना तो रस्त्यावरच येऊन उभा होता. म्हणाला, साहेब, मी वळणापासून ऐकतोय, आत्ता ठेवून जा, उद्या सकाळी देतो. मी म्हटलं, गरज नाही. तो चाकाकडे बोट दाखवून आणखी काही म्हणाला. मी मान डोलावली. गिऱ्हाईक सुटलं की वाईट वाटतंच.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

बायकोचा फोन आला की घ्यायला या, सामान आहे. इतक्या दिवसांनी मागे बसणार म्हणून सीटचं कव्हर पुसून घेतलं.

लॅबच्या दारात सगळी मंडळी उभी. तिच्या हातात कुंडी, गळ्यात पर्स, शिवाय एक गुंडाळलेलं घड्याळ. तिच्या मॅडमनी माझा हात हातात घेऊन काहीतरी सांगितलं. मी म्हटलं, हो हो, अवश्य.

पुलाच्या मध्यावर बेल्ट तुटला.

मला काही ऐकू आलं नाही. इंजिन चालू होतं, मूठ पूर्ण पिळलेली, आणि गाडी आपली हळू हळू होत थांबली. मला वाटलं पेट्रोल. बायको कधीच उतरली होती. म्हणाली, केवढा आवाज झाला! मागे रस्त्यावर रबराचा तुकडा पडला होता.

ढकलत निघालो. मी हँडलला, ती उजव्या बाजूला कुंडी घेऊन. उजवा कान माझा बरा आहे. इंजिन बंद, हेल्मेट काढलेलं, आणि पुलावर त्या वेळी गर्दी नव्हती. त्यामुळे तिने म्हटलेला शब्द न शब्द आला.

ती म्हणाली, बरं झालं आजच तुटला. सोमवारी मी नसताना तुटला असता तर तुम्ही एकटे ढकलत बसला असता.

मी विचारलं, सोमवारी कुठे जातेस?

ती म्हणाली, अहो, रेल्वेचं तिकीट सोमवारचंच नाही का? खोकी टेंपोवाला उद्या नेतोय.

मी विचारलं, कुठे?

ती थांबली. मीही थांबलो. गाडी उताराला लागत होती म्हणून ब्रेक धरून उभा राहिलो. मग तिने सगळं पहिल्यापासून सांगितलं, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. दुसऱ्या गावी लॅबची नवी शाखा निघाली आहे. तिथे ती प्रमुख. निदान दोन वर्षं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढल्यावर पहिल्यांदा तिला विचारलं होतं. तिने मला तीनदा विचारलं, कोपऱ्यावर, पुलावर आणि सिग्नलला. तिन्ही वेळा मी हो म्हणालो. सिग्नलला तर इतक्या जोरात की शेजारचा रिक्षावाला वळून बघायला लागला. खाली उतरूनही तिने विचारलं, नक्की ना. मी म्हणालो, नक्की. त्या दिवशी घरी येऊन तिने होकार कळवला. मला वाटलं होतं तुम्ही नाही म्हणाल, ती म्हणाली. नाही म्हणाला असता तर मी गेले नसते. पण तुम्ही एकदाही का, कशाला विचारलं नाहीत. मला वाटलं, हा माणूस आपण समजतो त्यापेक्षा मोठा आहे.

मी विचारलं, मी नेमकं काय म्हणालो होतो?

मग अगदी हळू म्हणाली, तुम्ही ऐकलंच नव्हतंत. हेही मला ऐकू आलं. म्हणाली, खरं सांगा. ऐकलं नसेल तर आत्ता सांगा. मी आत्ता मॅडमना फोन करते.

कुंडी कठड्यावर ठेवून ती पर्समध्ये फोन शोधायला लागली.

मी म्हटलं, ऐकलं होतं. सगळं ऐकलं होतं. तू विसरली नाहीस ना, एवढं बघत होतो.

ती म्हणाली, शपथ?

मी म्हटलं, चल, गॅरेज बंद होईल.

गॅरेज बंद झालं होतं. गाडी बाहेरच कुलूप लावून ठेवली. रिक्षाने घरी आलो.

१५ फेब्रुवारी, रविवार

खोकी काल गेली. एकही फुटणार नाही.

आज तिने गॅस कुठे बंद करायचा, बिलं कुठे आहेत, कामवाल्या बाईंची सुट्टी कधी, सगळं सांगितलं. समोर बसवून, तोंडाकडे बघायला लावून. कानाच्या डॉक्टरची वेळही घेऊन ठेवली आहे.

संकल्प: आज संध्याकाळी तिला खरं सांगायचं.

संध्याकाळी ती बॅगेचं वजन करत होती. मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

स्टेशनवर सोडलं, रिक्षाने. डब्याची खिडकी काचेची, न उघडणारी. ती आतून बराच वेळ बोलत होती. मी हो म्हणत होतो. मग गाडी गेली. मी फलाटावरच्या नळाला पाणी प्यायलो.

काही वाटलं नाही. वाटेल म्हणून बाकावर थोडा वेळ बसूनही पाहिलं.

स्टोअरला अर्धा दिवस. पुठ्ठ्याचे गठ्ठे मोजले. बरोबर होते.

१८ फेब्रुवारी, बुधवार

बेल्ट बदलला. गॅरेजवाल्याने जुना काढून समोर धरला. निम्मे दाते नाहीत, कडेचे दोरे लोंबताहेत, उरलेलं क्लचमध्ये अडकलेलं. तो म्हणाला, इतके दिवस गाडी चालली कशी? मी त्याला सांगितलं की योग्य वेळी बदलला. तो माझ्याकडे बघत जुना बेल्ट कचऱ्याच्या डब्यात टाकायला गेला.

नवा उत्तम. पुलावर सुसाट. मागे बॅगही नव्हती.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

कानाच्या डॉक्टरकडे गेलो. तिने वेळ घेतलेली, फुकट जायला नको. एका छोट्या बंद खोलीत बसवून कानावर हेडफोन दिले. आवाज आला की बटण दाबा म्हणाले. काचेपलीकडे एक बाई.

बराच वेळ मशीन सुरूच केलं नाही. मी तक्रार न करता बसून राहिलो. हल्ली कुठेच कामात शिस्त नाही. शेवटी बाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, झालं.

डॉक्टरांनी एक आलेख दिला. आमच्या पुलासारखा आहे, फक्त चढ नाही, नुसता उतार. यंत्र लावावं लागेल म्हणाले, दोन्ही कानांना. मी म्हटलं, बघतो. माझ्या मते उजवा अजून चालेल.

२२ फेब्रुवारी, रविवार

दुपारी बायकोचा फोन. स्पीकरवर टाकला, आवाज पूर्ण वाढवला, फोन उजव्या कानाला लावला.

खूप बोलत होती. मध्ये हसली, मग बोलली, मग आवाज बारीक झाला. लॅब, खोली, खिडकी, कुणीतरी बाई, एवढे शब्द लागले. मी ठरवलं होतं की या वेळी हो म्हणायचं नाही. म्हटलं, परत सांग. तिने सांगितलं. म्हटलं, नाही आलं, परत सांग. तिने परत सांगितलं, ओरडून. मी म्हटलं, आणखी एकदा.

मग म्हणाली, काही नाही.

हे अगदी स्वच्छ ऐकू आलं.